पोटात पाणपिसवा, तोंडात गळ

‘कोकनी’ हे नाव ऐकलं की आपल्या माणसाला आधी कोकण आठवतं. आमच्याकडेही पहिल्यांदा तोच विनोद झाला. पण या माशाचा मालवण-रत्नागिरीशी काही संबंध नाही. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सिनिक्स्ट या मूळ रहिवाशांच्या भाषेतून हे नाव आलं. मासा म्हणजे सॉकआय सॅमनच, फक्त समुद्राचं तोंड न बघता जन्मभर गोड्या तळ्यात राहणारा. साधारण चार वर्षांचं आयुष्य, शेवटच्या हंगामात लालबुंद रंग, अंडी घालायची आणि मरायचं.

गेल्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या लेक शेलॅनवर मित्राच्या बोटीतून गेलो होतो. घरी आणलेला कोकनी साफ करताना त्याचं जठर कापून पाहिलं. आत विटकरी रंगाचा दाट लगदा होता, पातळ चटणीसारखा. चमचाभर लगदा बशीतल्या पाण्यात ढवळून भिंगाखाली धरला, तर डॅफनियाच डॅफनिया. जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या या पाणपिसवा. मासोळीचा एक काटासुद्धा सापडला नाही. कोकनी हा प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर जगणारा मासा. त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर आतल्या बाजूने कंगव्यासारखे दाट दाते असतात, त्यामुळे तोंडात आलेला बारीक जीव निसटत नाही.

आणि हाच मासा थोड्या वेळापूर्वी गळाला लावलेल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या इवल्याशा माकूलावर (स्क्विडवर) तुटून पडला होता. त्या माकूलाच्या पुढे वीतभर लांबीचा चकचकीत पत्रा लचकत चालला होता. पिसवा खाणाऱ्याला पत्र्यात काय दिसलं?

आधी हा पत्रा तिथवर पोचतो कसा ते बघू. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी विशीच्या पुढे तापतं. कोकनीला मानवतं ते साधारण १० ते १३ अंशांचं पाणी, म्हणून तो खाली उतरतो, बऱ्याचदा १५ ते ३० मीटर. एवढ्या खोलीवर गळ ओढत न्यायचा, म्हणजे ट्रोलिंग करायचं, तर एक अडचण येते. बोट कितीही सावकाश हाकली तरी पाण्याच्या रेट्याने दोर वर उचलला जातो. त्यावर तोडगा म्हणजे डाउनरिगर. हा विहिरीवरच्या रहाटाचा धाकटा भाऊच म्हणा ना. बोटीच्या कडेला चाक, त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्यापाशी एका चिमट्यात अडकवायची आणि कळशी सोडावी तसा गोळा मोजून सोडायचा. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा राहतो गोळ्याच्या जागी आणि काठीवर फक्त मासा उरतो. कोकनीचं तोंड फार नाजूक, जोरात ओढलं तर फाटतं. त्यामुळे चिमटा हलका आणि काठी वेतासारखी लवचीक लागते. सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खाली काय आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, २२ मीटरवर थवा दिसला, तर गोळा त्याच्या किंचित वर थांबवायचा. मासा वर बघतो, खाली फारसा बघत नाही.

आता पत्रा. याला डॉजर म्हणतात. लांबट, दोन्ही टोकांना हलका बाक दिलेला, एका बाजूने चांदीसारखा, कधी हातोडीने ठोकून खळगे पाडलेला. पाण्यात ओढला की त्याच्या बाकावर कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने रेटा येतो आणि तो डावी-उजवीकडे झुलतो. वेग वाढवला की झुलणं सुटतं आणि तो गरगर फिरायला लागतो. असं पूर्ण फिरण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या पत्र्याला फ्लॅशर म्हणतात, पण कोकनीवाले बहुधा झुलणाराच पसंत करतात. आमचा मित्र प्रत्येक वेळी डॉजर आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघायचा आणि वेग जुळेपर्यंत खाली सोडायचा नाही. ताशी दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे बागेत फेरी मारणारे आजोबा याहून जोरात चालतात.

या झुलण्यातच खरी गंमत आहे, कारण पाण्यात स्थिर आरसा दिसत नाही.

हे मला आधी पटलं नव्हतं. पण विचार करा. पाण्याखाली प्रकाश वरून येतो, आणि आडवं पाहिलं तर सगळ्या दिशांना जवळपास सारखंच निळं-हिरवं पाणी असतं. तिथे उभा आरसा धरला, तर त्यात समोरच्या बाजूचं निळं पाणी दिसतं, आणि आरशाच्या मागेही तसंच निळं पाणी असतं. पाहणाऱ्याला फरकच कळत नाही. चंदेरी मासे नेमके याच युक्तीने लपतात. बांगड्याची, तारलीची कूस बाजारातल्या परातीत एवढी झळाळते, ती ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ स्फटिकांमुळे. हे स्फटिक छोट्या आरशांसारखे थरांनी रचलेले असतात, आणि मासा पोहत असताना त्यातले बरेचसे उभे राहतात. ब्रिटनमधल्या प्लिमथ इथे एरिक डेंटन यांनी १९६०च्या दशकात या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. परातीत जी झळाळी दिसते, तीच पाण्यात अदृश्य होण्याची सोय असते.

हा आरसा तिरका झाला की मात्र सोंग उघडं पडतं. वरचा प्रखर प्रकाश थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो आणि लख्खकन चमक दिसते. मासा भक्ष्यावर झडप घालताना, वळताना, कुशीवर होताना असाच तिरका होतो. म्हणजे खोल पाण्यात चमक दिसली तर तिचा अर्थ बहुधा एकच, तिकडे कोणीतरी हालचाल करतंय, कदाचित खातंय. डॉजर तेवढीच बातमी पोचवतो, तीही दर झोल्याला. माझ्या मते हाच त्याचा मुख्य धंदा, बाकी रंगरंगोटी दुय्यम.

रंगावर मच्छीमार तासन्‌तास वाद घालतात. पण पाणी फार रंग टिकू देत नाही. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा गडद लाल प्रकाशाचा १० मीटरवर शंभरातला तीन-चार भागच उरतो. २५ मीटरवर लाल गळ काळपट दिसतो, मग दुकानात त्याच्यासाठी कितीही मोजलेले असोत. आरशाला ही अडचण नाही, जो प्रकाश उरला असेल तो त्याने परतवायचा. गुलाबी-नारिंगी गळ तरीही चालतात, कारण त्यातले बरेचसे फ्लुरोसंट असतात. खोलवर पोचणारा निळा-हिरवा प्रकाश शोषून ते स्वतःच गुलाबी-नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात.

चमक दुरून बोलावते, पण जवळ आल्यावर दुसरं इंद्रिय कामाला लागतं. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यातल्या केसांसारख्या पेशींना पाण्याची मंद हालचाल कळते, पण ती अंगाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरावरूनच. झुलणारा डॉजर दोन्ही बाजूंना भोवरे सोडत जातो. बोटीतही त्याचा ठेका कळतो, काठीचं टोक नाडीसारखं ठक-ठक हलत असतं. म्हणूनच आमिष डॉजरच्या मागे अगदी आखूड दोरीवर बांधतात, २०-३० सेंटीमीटरवर. प्लॅस्टिकच्या माकूलाला स्वतःची हालचाल नसते, डॉजर झटका देईल तेवढीच. दोरी लांब झाली की तो झटका वाटेतच विरतो आणि माकूल मेल्यासारखं सरळ येतं. स्वतः फिरणारी चकती लावली असेल तर दोरी लांब चालते. गळाच्या टोकाला वास लावलेला पांढऱ्या मक्याचा दाणाही खोचतात. तळ्यात मका कुठून आला, हे माशाला कोण विचारणार?

तरी तो चावतो कशासाठी, हा प्रश्न उरतोच. भूक हे एक उत्तर. पण ऑगस्टच्या अखेरीस, अंडी घालायची वेळ जवळ येते तेव्हा कोकनीचं खाणं सुटत जातं, नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो, आणि तरीही तो गुलाबी गळावर धावतो. तिथे भुकेपेक्षा चीड जास्त असावी, असं मला वाटतं. आमच्या बोटीवर सगळ्यात जास्त चावे वळणावर आले. बोट वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचा डॉजर जोरात पळतो आणि आतला मंदावून खाली झुकतो. इतका वेळ एका तालात चाललेली गोष्ट अचानक ताल सोडते, आणि मागे नुसता बघत येणारा मासा झडप घालतो. कोणत्या बाजूची काठी वाजली ते पाहून मित्र पुढचा वेग ठरवायचा.

डोळ्यांवर एवढं अवलंबून राहणं या माशाला महागातही पडलं आहे. माँटाना राज्यातल्या फ्लॅटहेड तळ्याच्या वरच्या अंगाच्या तळ्यांमध्ये १९६८ नंतर मायसिस नावाचे झिंगे सोडले गेले. हेतू चांगला होता, कोकनीला खाऊ मिळावा. झिंगे वाहत फ्लॅटहेडमध्ये पोचले, १९८१मध्ये तिथे आढळले, आणि भलतंच घडलं. दिवसा ते तळाच्या काळोखात बसतात, तेव्हा उजेडात टिपून खाणाऱ्या कोकनीला ते सापडत नाहीत. रात्री वर येऊन ते कोकनीचाच डॅफनिया फस्त करतात. फ्लॅटहेडच्या वरच्या अंगाच्या मॅकडॉनल्ड ओढ्यात १९८५पर्यंत लाखाहून जास्त कोकनी अंडी घालायला यायचे, १९८९मध्ये उरले सुमारे ५०. त्यांच्यावर जमणारे बाल्ड ईगलही गेले. १९८१मध्ये तिथे ६३९ गरुड मोजले होते, १९८९मध्ये २५.

सिएटलच्या पूर्वेला रेडमंड, समामिश, इसाक्वा या गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या दारातल्या लेक समामिशमध्ये मूळचाच कोकनी आहे, पण तो इतका घटलाय की तिथे पकडलात तर सोडून द्यावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात तो एब्राइट किंवा लुईस ओढ्यात चढतो. पाणी घोटाभर असतं, माशाची पाठ उघडी पडते, आणि चंदेरी रंगाचा मागमूस राहिलेला नसतो. पोलराइज्ड चष्मा लावून गेलात तर तळाच्या गोट्यांवर शेपटीने खळगा करणारी मादी स्पष्ट दिसते.