पिवळी टाकुमार आठ भिंगांची? उलट आहे!

जुन्या लेन्सच्या बाजारात एक समजूत पक्की बसली आहे: 'असाही' या जपानी कॅमेरा कंपनीची ५० मिमी एफ/१.४ 'सुपर-टाकुमार' लेन्स पिवळसर दिसली, की ती सुरुवातीची, दुर्मीळ, आठ भिंगांची. विकणारेही त्या पिवळेपणावर भाव चढवतात.

खरं तर पिवळी पडते ती नंतरची, सात भिंगांची. तिच्या काचेत थोरियम असतं आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं पिवळी होत जाते. १९६४च्या सुमारास आलेल्या आठ भिंगांच्या लेन्समध्ये ही काच नाही. त्यामुळे पिवळी झाक दिसली की उलटाच निष्कर्ष काढायचा.

मात्र पिवळेपणा नाही म्हणून आठ भिंगं, असंही समजू नका. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की काच बरीच स्वच्छ होते, आणि ही युक्ती विकणाऱ्यालाही ठाऊक असते. समोरच्या कड्यावरच्या नावाचाही उपयोग नाही. दोन्हींवर 'सुपर-टाकुमार'च लिहिलेलं असतं.

मग बघायचं काय? फोकसच्या कड्याजवळच्या डेप्थ-ऑफ-फील्ड पट्टीवर (कुठून कुठपर्यंतचं स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या आकड्यांच्या पट्टीवर) इन्फ्रारेडची लाल खूण असते. ती ४ या आकड्याच्या उजवीकडे असेल तर आठ भिंगं, डावीकडे असेल तर सात. शिवाय आठवालीचं मागचं भिंग जास्त बाहेर आलेलं असतं. ऑनलाइन घेताना त्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागाच. टाळाटाळ झाली तर सातचाच भाव द्या. सातवालीही फोटो झकास काढते, हे वेगळं.