इव्ह मोंताँ : लाल घरातला गायक

फ्रान्सचा लाडका गायक-नट इव्ह मोंताँ जन्माने फ्रेंच नव्हता. 1921 मध्ये इटलीतल्या तोस्काना प्रांतात जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव इवो लिव्ही. बाप कम्युनिस्ट विचारांचा. मुसोलिनीच्या माणसांच्या जाचाला कंटाळून कुटुंब फ्रान्समधल्या मार्सेला आलं. तिथे पोरवयात कारखान्यात, बहिणीच्या केशकर्तनालयात, बंदरावर मिळेल ते काम करत तो छोट्या रंगमंचांवर काउबॉयची गाणी म्हणू लागला. 1944 मध्ये पॅरिसात प्रसिद्ध गायिका एदित पियाफने त्याला हाताशी धरलं, गाण्यांची निवड सुधारायला लावली. 1946 च्या ‘ले पोर्त द ला न्वी’ या चित्रपटात ‘ले फय मोर्त’ हे गाणं होतं. चित्रपट आपटला, गाणं मात्र पुढे त्याची ओळख बनलं. 1953 च्या ‘वेजेस ऑफ फिअर’ने नट म्हणूनही त्याचं नाव झालं.

राजकारण बाजूला ठेवून ही कारकीर्द सांगताच येत नाही. मोंताँ आणि त्याची पत्नी, अभिनेत्री सिमोन सिन्योरे, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नव्हते, पण सहप्रवासी, म्हणजे बाहेरून साथ देणारे, होते. त्यापायी अमेरिकेने अनेक वर्षं व्हिसा नाकारला. 1956 मध्ये हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, आणि नेमका त्याच सुमारास मोंताँचा सोव्हिएत दौरा ठरलेला. जावं तर डाग, न जावं तर विश्वासघात! तो गेला. मॉस्कोत सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हसमोर बसून त्याने आणि सिन्योरेने हंगेरीबद्दल जाब विचारला. तिथून श्रद्धेला तडा गेला. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा उरलंसुरलंही संपलं.

माझ्या मते त्याचं सर्वांत धाडसी काम त्यानंतरचं. कोस्ता-गाव्हरासच्या ‘झी’मध्ये (1969) तो ग्रीसमधल्या डाव्या खासदाराच्या भूमिकेत होता, उजव्यांनी खून केलेला माणूस. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाच्या ‘द कन्फेशन’मध्ये, प्रागच्या 1952 च्या खटल्यात कम्युनिस्टांनीच छळलेला कम्युनिस्ट. जुन्या मित्रांना हे झोंबलं. तरी चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिथल्या निर्वासितांसाठी 1974 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायला हाच उभा राहिला.

1980 च्या दशकात राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्याचं नाव चर्चेत आलं. उभा काही राहिला नाही, आणि तेच बरं झालं. 1986 च्या ‘जाँ द फ्लोरेत’मधला कावेबाज म्हातारा शेतकरी ही त्याची उतारवयातली मोठी भूमिका. 9 नोव्हेंबर 1991 रोजी, एका चित्रपटाचं काम सुरू असतानाच, हृदयविकाराने तो गेला. पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत सिन्योरेशेजारी त्याला पुरलं.