‘धीर धरा’च्या मागे: पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची पार्श्वभूमी

सांत्वनाच्या सभेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बोलायला उठले की पाच मिनिटांच्या आत ‘धीर’ हा शब्द येतोच. घरात कॅन्सर निघालेला असो, नोकरी गेलेली असो की मुलगा दारूपायी वाया चाललेला असो, नाना पेठेपासून पिंपरीपर्यंत चर्चच्या कुठल्याही मराठी मंडळीत सांगणं एकच, धीर धरा. तरुण संघांत हल्ली त्याला ‘हा सीझन निघून जाईल’ अशी पुस्तीही जोडली जाते. आपल्याकडे सीझन असतो तो आंब्यांचा, नाहीतर लग्नांचा. दुःखाचा सीझन इंग्रजी प्रवचनांबरोबर आला. जुना शब्द मात्र धीरच, आणि सगळा गुंता त्याच्यातच आहे.

बायबलच्या नव्या करारात पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली साखळी संडे स्कूलमध्ये गेलेल्या कुणालाही पाठ असते: संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा. इथला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’. हुपो म्हणजे खाली, आणि मोनेमध्ये राहण्याचा, टिकण्याचा अर्थ. ओझं अंगावर असताना त्याखाली उभं राहणं, जागा न सोडणं, असा तो शब्द. पौलाच्या वाक्यात धीर संकटातून तयार होतो, आधीपासून गाठीशी नसतो. आपण मात्र संकट कोसळल्याबरोबर माणसाला म्हणतो, धीर धर. दळण अजून जात्यात आहे आणि आपण भाकरी मागतोय.

नव्या करारात दुसराही एक शब्द आहे, ‘माक्रोथुमिया’. लवकर न तापणं, राग लांबवणं. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत तो ‘सहनशीलता’ म्हणून येतो आणि तिथे नीट बसतो. घोळ होतो याकोबाच्या पत्रात. पाचव्या अध्यायात आधी पावसाची वाट पाहणारा शेतकरी येतो, चार ओळींनंतर जुन्या करारातला संकटांनी पिडलेला ईयोब येतो. ग्रीकमध्ये दोघांसाठी शब्द वेगळे आहेत. रूढ मराठी भाषांतरात दोघांच्याही वाट्याला धीर आला. शेतकरी गप्प बसून ढगांकडे पाहतो, हे समजू शकतं. पण ईयोब गप्प कुठे होता? राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा तो माणूस स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, समजूत घालायला आलेल्या मित्रांना झाडतो आणि देवाकडे जाब मागतो. तरी उदाहरण त्याचंच दिलं जातं. मराठीत तो शेतकऱ्याच्या पंगतीला बसला आणि त्याचं भांडण हळूहळू गळून पडलं.

त्यात आपल्या भाषेने भर घातली. धीर धर म्हणजे थांब. धीर दे म्हणजे समजूत घाल. धीर होत नाही म्हणजे हिंमत होत नाही, आणि धीर निघत नाही म्हणजे वाट पाहवत नाही. एका शब्दाच्या पोटात थांबणं, सांत्वन आणि धाडस. व्यासपीठावरून यातलं थांबणंच जास्त ऐकू आलं, आणि त्याचा भार बायकांवर जास्त पडला. नवरा मारतो? धीर धर, प्रार्थना कर. हे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं नाही, पण हुपोमोनेत मार खाणं बसत नाही, एवढं नोंदवायला हरकत नसावी.

मराठी नवा करार १८११मध्ये श्रीरामपूरला छापला गेला, मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा १८२६मध्ये आला. पुण्यापुरतं बोलायचं तर शब्दाची खरी परीक्षा झाली १८९६-९७च्या दुष्काळात आणि प्लेगमध्ये. ज्या पंडिता रमाबाई विधवांची शाळा मुंबईहून पुण्यात घेऊन आल्या होत्या, त्यांनी मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागातून मुली आणल्या. प्लेगमुळे शहरात इतक्या जणींना एका जागी ठेवायला मनाई झाली, तेव्हा पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर बिऱ्हाड हललं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० सालच्या सुमारास, तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या बाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, भाऊ १८८० साली, नवरा १८८२मध्ये पटकीने. तेव्हा धीराबद्दल त्यांना शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. पण १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात मुलींना मिळणारी वागणूक पाहून त्या गप्प राहिल्या नाहीत. वृत्तपत्राला जाहीर पत्र लिहिलं आणि ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजलं. १९०५मध्ये केडगावला जागृती, म्हणजे भक्तीची मोठी लाट, आली तेव्हाही मुलींची प्रार्थना मोठ्याने, रडत, एकाच वेळी चालायची. आब राखून उपासना करणाऱ्या बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. ईयोबाला बहुधा चाललं असतं.

त्यांचं आणखी एक काम शब्दांच्या गुंत्याशी थेट जोडलेलं आहे. प्रचलित भाषांतर संस्कृतने जड झालंय, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जातं, आणि त्यातल्या काही शब्दांना दुसऱ्याच तत्त्वज्ञानाचा वास आहे, असं त्यांचं मत. म्हणून हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, करायला घेतलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत कामाला आश्रमातल्याच बायका. १९२१च्या जुलैमध्ये एकुलती मुलगी गेली, प्रुफं सुरूच राहिली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, ग्रंथ १९२४मध्ये पूर्ण छापून निघाला. मंडळ्यांच्या व्यासपीठांवर मात्र जुनंच भाषांतर राहिलं. पाठ झालेली वचनं कोण बदलणार?

विसाव्या शतकातलं बाकीचं एका दमात सांगता येतं. १९१८चा इन्फ्लुएंझा. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर. १९७२चा दुष्काळ. नगर आणि जालन्याकडची कुटुंबं इस्पितळांत, रेल्वेत, खडकीच्या कारखान्यात, पुढे पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत कामाला लागत गेली आणि पुण्यातल्या मराठी मंडळ्या त्यांच्यामुळे भरल्या. ज्यांचे पूर्वज अस्पृश्य मानलेल्या जातींतून आले होते, त्यांना १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवलं. पुढे १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. यालाही धीर म्हणायचं का, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनी चारचौघांत क्वचितच विचारला.

मग २०२०. मार्चच्या ९ तारखेला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि महिना संपायच्या आत देवळांबरोबर चर्चेसनाही कुलुपं लागली. झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार, १२चा ईस्टर, सगळं फोनच्या पडद्यावर. वधस्तंभावरच्या सात शब्दांवरचा तीन तासांचा कार्यक्रम आमच्याकडे चहाच्या टेबलावर, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ऐकला. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, वेळी द्राक्षाचा रस नव्हता. कोकम सरबत आणि पोळीचा तुकडा घेतला. हे चालतं का, यावर पाळकांत सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, मंडळी जमलेली नाही, पाळकाच्या हातून भाकर मोडली जात नाही, तर ते प्रभुभोजनच नव्हे. दुसऱ्यांनी दोघे-तिघे जमण्याचं वचन पुढे केलं. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, दारं उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, उघडली. वाद काही मिटला नाही.

एप्रिल २०२१मध्ये धीर धरा म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. सिलिंडर कुठे मिळेल, रेमडेसिविर कुणाकडे आहे, दफनाला किती माणसं चालतील, हे मेसेज रात्री दोनलाही यायचे. आमच्या मंडळीच्या महिला मंडळाच्या खजिनदार मावशींनी शंभर पानी वहीत रकाने आखले होते: नाव, बेड, ऑक्सिजन, डबा. डब्याच्या रकान्यात ‘मीठ कमी’, ‘दोन मुलं’, ‘दारात ठेवा’ अशा नोंदी. प्रार्थनेचा रकाना कुठाय म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, “ती फोनवर होतेच की, तिला वही कशाला?” काही नावांवर आडवी रेघ होती. रेघ मारल्यावरही खाली डब्याची नोंद आठवडाभर चालू ठेवलेली, कारण घरात बाकीची माणसं होती.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या, सगळीकडे सारख्या नाही. डिप्रेशन हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला जाऊ लागला. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं उघडपणे म्हणणारे कमी झाले. उपासनेत साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सांगण्याच्या, वेळेला पूर्वी बरे झालेलेच उभे राहायचे. हल्ली एखादी बाई उभी राहते, अजून काहीच ठीक नाही म्हणते आणि खाली बसते. त्यानंतर पेटीवाल्याला कुठलं गीत धरावं ते चटकन सुचत नाही.