गादी गेल्यावर देवापुढे : ग्वाल्हेरच्या शिंद्यांची थोडी पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळ, गोरखी वाड्यात, शिंद्यांचं देवघर आहे, तिथे मन्सूर शाह बाबा या फकिराची गादी आहे आणि उरुसाला घराण्यातले कर्ते पुरुष, म्हणजे इथे लोक ज्यांना अजून महाराजच म्हणतात ते, गादीसमोर चवरी ढाळत बसतात, वरून फूल पडेपर्यंत उठायचं नाही असा रिवाज. 1948 ला संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1971 ला संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, चवरी काही थांबली नाही. दरवर्षी फोटो येतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की कुलदैवत जोतिबा, मग हे फकिराच्या गादीपुढे कसे काय?

त्यासाठी पानिपतापर्यंत मागे जावं लागतं. दत्ताजी शिंदे 1760 च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले, वर्षभराने 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर तुकोजी पडले, जखमी होऊन पकडलेल्या जनकोजींनाही नंतर मारलं, घर जवळजवळ बसलंच. महादजी वाचले ते पाय कायमचा अधू होऊन, आणि त्यांना रणातून उचलून आणलं राणेखान नावाच्या भिश्त्याने. पुढे महादजी त्याला भाऊ मानायचे, सरदारकी दिली. बीडचे मन्सूर शाह हे महादजींचे गुरू, म्हणून ती गादी देवघरात आली. ज्याचा जीव पखाल वाहणाऱ्याने वाचवला त्याला फकिरापुढे बसायला कसली लाज वाटणार, असं आपलं माझं मत.

नंतर हेच महादजी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकी मिळवतात, म्हणजे उत्तरेत यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, आणि 1792 ला पुण्यात सवाई माधवरावांना भेटायला जातात तेव्हा हत्तीवरून उतरून सगळ्यांच्या खाली बसतात, बगलेतून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवतात, की आमच्या वडिलांचं काम हेच होतं. स्वतःला पाटीलच म्हणवून घ्यायचे. आता यात पॉलिटिक्स भरपूर होतं, नाना फडणवीस समोर बसलेले, त्यांना हा नाटकीपणा कळत नसेल असं थोडंच आहे. पण मुद्दा हा की हे वाकणं सगळं हातात असतानाचं होतं, आणि तसं वाकायला फारसं काही लागत नाही.

सगळं गेल्यावर वाकायची वेळ आली ती बायजाबाईंवर. कागलच्या घाटग्यांची लेक, 1798 ला महादजींचे वारस दौलतराव शिंद्यांशी लग्न, आणि बाई स्वतः घोड्यावर बसणाऱ्या. 1827 ला दौलतराव निपुत्रिक गेले, बाईंनी जनकोजीला (पानिपतातले जनकोजी वेगळे) दत्तक घेतलं आणि कारभार स्वतःकडेच ठेवला. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा दगडी मंडप 1828 चा, तो यांचाच, तेव्हा हुकमाला काही कमी नव्हतं. 1833 ला जनकोजी आणि फौज मिळून उठले आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. आग्रा, मग फतेहगड, मग अलाहाबाद, सगळीकडे तंबूतला मुक्काम आणि इंग्रजांची नजर.

इथे लगेच लोक म्हणतात की बाई देवाच्या मार्गाला लागल्या. नाही हो. वर्षानुवर्षं त्या इंग्रजांकडे आपला हक्क मागत होत्या, गप्प बसलेल्या नव्हत्या. 1835 ला फतेहगडला एक इंग्रज बाई त्यांना भेटली, तिने लिहून ठेवलंय. विधवा म्हणून दागदागिने सोडलेले, साधं नेसणं, आणि तरी घोड्याचा विषय निघाल्यावर मराठा बायका कशा बसतात आणि मेमसाहेब एका बाजूला पाय टाकून कशा बसतात यावर छावणीत चेष्टा चाललेली, विधवांचे हाल कुठे जास्त, तुमच्याकडे की आमच्याकडे, अशाही गप्पा झालेल्या. मला तरी यात मोडून पडलेली बाई दिसत नाही. व्रत चालू, भांडण चालू, दोन्ही एकाच तंबूत, आणि खरं तर घरोघरी असंच असतं, आपण नंतर गोष्ट सांगताना भांडण गाळतो.

शेवटी पेन्शन ठरली आणि बाई नाशकात गोदावरीकाठी राहिल्या. जनकोजी 1843 ला गेले, मग काही वर्षांनी बाई परत आल्या, पण राजमाता म्हणून नुसत्या मानाच्या, गादीवर जयाजीराव.

आणि मग 1857. बंडवाल्यांना शिंद्यांचं नाव हवंच होतं, त्यांनी म्हाताऱ्या बाईंना गळ घातली की तुम्ही पुढे व्हा. चोवीस वर्षांपूर्वी ज्या गादीवरून हाकललं तीच कुणीतरी आणून पुढे ठेवतंय. बाईंनी नकार दिला. जून 1858 ला तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेबांनी ग्वाल्हेर घेतलं, जयाजीराव आग्र्याला पळाले, तेव्हा बाई राजघराण्यातल्या बायकांना घेऊन नरवरला गेल्या. काहींना हा नकार भक्तीतून आलेला वाटतो, काहींना इंग्रजांची भीती, काही तर सरळ शिव्या देतात. मला वाटतं त्यांना ती गादी आता खरंच नको होती. 1863 ला ग्वाल्हेरातच वारल्या.