पिल्लू चावतंय? आधी हात सैल सोडा

कुत्र्याचं पिल्लू घरी गेलं की आठवड्याभरात आमच्या दुकानात फोन येतोच, "हे फार चावतं हो, पुढे चावरं निघेल का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. पिल्लू सगळं तोंडानेच चाचपून बघतं, आणि त्याचे 28 दुधाचे दात सुईसारखे असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावणं वाढतं.

किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. एकाने जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडून निघून जातं. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो. (आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे, ती उगाच नाही.) तो धडा आता तुम्ही पुरा करायचा.

दात लागले की हात झटकन ओढू नका. पळता हात म्हणजे त्याला पकडापकडीच. हात सैल सोडा, बोलू नका, त्याच्याकडे बघू नका. तरी सोडलं नाही, तर उठून दाराआड जा आणि वीस-तीस सेकंदांनी परत या. शांत असेल तर खेळ पुन्हा सुरू, पण आता हातात दोरीचं खेळणं असू द्या. पहिल्या दिवशी हे वीसदा करावं लागेल. "आई गं!" म्हणून ओरडल्यावर काही पिल्लं थबकतात, काही उलट चेकाळतात. तुमचं चेकाळत असेल तर तो नाद सोडा.

गाडी अडते ती बहुधा माणसांपाशी. दिवसभर आई उठून जाते आणि रात्री बाबा त्याच हाताने पिल्लाशी कुस्ती खेळतात. मग पिल्लाने काय समजायचं? मुलांना सांगा, पिल्लू मागे लागलं की पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं.

नाकावर टिचकी, पेपरची गुंडाळी, तोंड दाबून धरणं, यातलं काही नको. हाताची भीती बसलेलं पिल्लू पुढे खरंच चावतं.

संध्याकाळी अंगात आल्यासारखं करत असेल तर ते बहुधा दमलेलं असतं. पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. त्याच्या जागी नेऊन निजवा.

चावायची खेळणी आम्ही विकतो, पण फ्रीजमधलं अख्खं गाजरही चालतं. फक्त समोर बसून द्या. शिजवलेली हाडं नकोत. जुनी चप्पलही नको, त्याला जुनी-नवी कळत नाही.

खेळताना का होईना, दात लागून ओरखडा उठला किंवा रक्त आलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्या.

त्याच्या ताटलीजवळ कुणी गेल्यावर पिल्लू अंग ताठ करून गुरगुरत असेल, तर तो खेळ नव्हे. तेव्हा घरगुती उपाय न करता पिल्लाला घेऊन दुकानात या.