गूळ खाल्ला की धूर साफ होतो?

फॉरवर्ड येतो, सोन्याच्या दागिन्याला डाग देऊन (म्हणजे सांधा जोडून) झाल्यावर गुळाचा खडा खा नाहीतर ग्लासभर दूध प्या, धूर पोटातून निघून जातो. आमच्याकडेही जुने कारागीर गूळ ठेवायचेच, चांगल्या मनाने.

पण बघा, धूर श्वासाने फुफ्फुसात जातो आणि गूळ जातो पोटात, दोघांची गाठ पडणार कुठे? केडीएम म्हणजे कॅडमियम हा विषारी धातू मिसळलेला डाग, त्यातलं कॅडमियम 767 अंशालाच उकळतं, सोनं वितळतं 1064 ला, म्हणजे बर्नर लावला की वाफ आलीच. ती रक्तातून किडनीत जाऊन 10 ते 30 वर्षं तिथेच बसते. तपासायचंय? लघवीतलं कॅडमियम लॅबमध्ये मोजता येतं. महिनाभर गूळ खाऊन परत मोजलं तरी आकडा तेवढ्याने हलत नाही. त्यापेक्षा कॅडमियम नसलेला डाग वापरा, धूर ओढणारा एक्झॉस्ट लावा. गूळ काय, चहासोबत खा की!