खुल्या जगाच्या व्हिडिओ गेमची निर्मिती

ठरावीक पातळ्या पार करत जाण्याऐवजी एका सलग मुलखात मनाला येईल तिकडे भटकू देणारा गेम म्हणजे खुल्या जगाचा, अर्थात ‘ओपन वर्ल्ड’ गेम. मोठ्या बजेटच्या अशा गेमला वर्षानुवर्षे लागतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) साठी रॉकस्टार या गेम कंपनीचे निरनिराळ्या देशांतले स्टुडिओ सुमारे आठ वर्षे राबले. त्यांत बंगळूरुचा स्टुडिओही होता.

मॅप, म्हणजे गेममधला मुलूख, जितका मोठा तितका खर्च जास्त, असा समज आहे आणि जाहिराती तो पोसतात. खरा पैसा जातो तो खेळणारा कधी, कुठे, काय करेल याचा नेम नसतो म्हणून. समजा, मॅप नाशिकचा आहे. पांडवलेणीवर चढले की अर्धे शहर नजरेत येते. ते सगळे बारकाव्यांसह मेमरीत मावत नाही. म्हणून एकाच इमारतीच्या तीन-चार प्रती करतात, जवळची नक्षीदार आणि लांबची नुसता ठोकळा. अंतर पाहून गेम इंजिन, म्हणजे गेम चालवणारे सॉफ्टवेअर, त्या बदलत राहते. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. सराफ बाजाराच्या बोळांत काम सोपे, कारण वाड्याच्या भिंतीआड झाकलेले रेखाटावे लागत नाही. पण तिथून कोणी बाइक दामटत महामार्गाच्या उड्डाणपुलावर चढला, की पुढचा भाग डिस्कवरून वेळेत यायला हवा. नाहीतर इमारती डोळ्यांदेखत उगवतात. ‘व्हाइस सिटी’ या गेममध्ये (२००२) एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना खेळ थांबून लोडिंग चाले. त्या हिशेबाने होळकर पुलावर दरवेळी खोळंबा झाला असता.

नदीचे दुखणे आणखी वेगळे. नाशिककरांच्या ‘गंगे’ला, म्हणजे गोदावरीला, किती पूर आला हे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून सांगतात. गेममध्ये मारुतीच्या पायांपासून छातीपर्यंत पाणी चढवणे फारसे अवघड नाही. पण मग भाजीवाल्यांनी पाट्या उचलायला हव्यात, भांडीबाजारातल्या दुकानदारांनी माल हलवायला हवा, काठावरच्या गाड्या वाहून जायला हव्यात. सगळ्या पात्रांच्या वाटा नव्याने आखायच्या. रामकुंडावर सुरू होणारे मिशन पुरात कुठून सुरू करायचे, हे लेखकाने ठरवायचे. आणि नेमका तेव्हाच कोणीतरी होडी आणून नारोशंकराच्या देवळावर आदळणार, हे धरून चालायचे.

असे जुळून येणारे प्रसंग शोधून काढण्याचे काम टेस्टरांचे. त्यांचे नाव क्वचितच निघते. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या पुण्याच्या स्टुडिओत निर्मितीबरोबर हे कामही चालत आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम बगांसकट, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांसकट, बाजारात आला, तेव्हा सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तिथे तो पुन्हा दिसला जून २०२१ मध्ये.